आरसा जागचा हलला नव्हता

१

भाऊजींनी सकाळी आरशावरचं कापड उचललं, क्षणभर पाहिलं आणि कापड होतं तसं परत टाकलं. मग कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले आणि कुणाशी बोलेनात. चहा आला, गार झाला. शेवटी त्यांच्या जावयाने पुढे होऊन कापडाचं टोक वर केलं, तेव्हा बाकीच्यांना कळलं की दुर्बिणीच्या आरशावर ओरखडा पडलाय.

ओरखडा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, एवढं काय आभाळ कोसळलं. आमच्या घरात कोसळलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांचा धंदा दुर्बिणींचे आरसे घडवायचा. जेवणाच्या टेबलाएवढी काचेची जाड तबकडी घ्यायची, ती आधी जाड पुडीने, मग बारीक, मग त्याहून बारीक पुडीने घासून मध्ये किंचित खोलगट करायची आणि शेवटी असं पॉलिश करायचं की ताऱ्याचा उजेड नेमक्या एका ठिपक्यावर गोळा व्हावा. हा आरसा एका वेधशाळेचा होता. भाऊजी आणि त्यांची लेक कित्येक वर्षं त्याच्या मागे होते. लेकीला सगळे चिमणी म्हणतात, कारण लहानपणी तिचं तोंड म्हणून बंद नसायचं. आता कामाला बसली की शब्द बोलत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आदल्या दुपारी आरशावर शेवटचा हात चिमणीनेच फिरवला होता. या धंद्यात एका चुकीला माफी नसते. जाड पुडीच्या खोलीतून आलेला माणूस ॲप्रन न बदलता आरशाजवळ गेला, तर ॲप्रनला चिकटलेला एखादा कण पॉलिशच्या गादीखाली जातो आणि सगळ्या मेहनतीची माती होते. भाऊजींनी लेकीला एकच प्रश्न विचारला, ॲप्रन बदलला होतास का. ती हो म्हणाली. मग हे काय आपोआप झालं, असं म्हणून ते उठले आणि जाता जाता तिला सांगून गेले की या खोलीत परत पाऊल टाकायचं नाही.

मला हे संध्याकाळी कळलं. माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. चिमणी रोज कारखान्यातून परस्पर माझ्याकडे यायची, डोळ्यात थेंब घालायची, माझ्याबरोबर जेवायची आणि मग घरी जायची. आदल्या दिवशीही आली होती, चांगली हसतखेळत. आज मात्र एक थेंब गालावर गेला आणि दुसरा कानात. मी खेकसणार होते, तेवढ्यात तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि मी तिला शेजारी बसवलं.

सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “काकू, सकाळी मी बाबांना ठामपणे सांगितलं गं, की बदलला होता. पण आता नीट आठवायला गेले ना, तर वाटतं, नसेनही बदलला.”

२

मी जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं. गुन्हे, तपास हा माझा प्रांत नव्हे. पण एक गोष्ट मला पोरांनी शिकवली. सकाळी एक उत्तर सांगणारा विद्यार्थी संध्याकाळी दुसरं सांगायला लागला आणि मध्ये त्याने कागदाला पेन लावलेलं नसलं, तर समजावं, कुणाची तरी वही बघून आलाय.

मी तिला विचारलं, हे नसेनही बदलला तुला कुणी सांगितलं. कुणी नाही म्हणाली. नवरा तेवढा म्हणाला होता, चिडू नको, शांतपणे आठवून बघ. त्याच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. दोन दिवसांत बाबांपुढे जाऊन चूक कबूल करायची आणि हे काम कायमचं सोडायचं, असं तिने ठरवलं होतं. शाळेत असल्यापासून तिला दुसरं काही करायचं नव्हतं. ती बोटांनी काचेतला उंचसखलपणा सांगते, जो यंत्राला मोठ्या मुश्किलीने सापडतो. आणि ही पोरगी आता कुठल्याशा ऑफिसात टाईप करायला जाणार होती.

“दोन दिवस थांब,” मी म्हटलं. “तोवर कुणापुढे काही कबूल करायचं नाही. माझ्यापुढेसुद्धा नाही.”

दुसऱ्या दिवशी डोळ्यावर काळा चष्मा चढवून मी कारखान्यात गेले. डॉक्टरांनी वाचायला बंदी घातली होती, फिरायला नव्हती.

कारखाना म्हणजे एक लांबच लांब बैठी इमारत. या टोकाला पॉलिशची खोली, त्या टोकाला तपासणीची, आणि दोन्ही जोडणारा बिनखिडक्यांचा अंधारा बोळ. बोळात रूळ टाकलेत. आरसा गाडीवर आडवा झोपलेला असतो, मोटर गाडीला हळूहळू ओढत त्या टोकाला नेते. तिथे आरसा उभा करायचा, समोर दिवा लावायचा आणि परत आलेला उजेड बघून काच कुठे अजून घासायची ते ठरवायचं. आरशात बघायचं काम फक्त बाप आणि लेक करत. नियम एकच होता आणि तो दारावर रंगवलेला होता, एकट्याने आरसा न्यायचा नाही. एक माणूस गाडीच्या पुढे, एक मागे.

भाऊजी अंगणात बाकावर बसले होते. वहिनी, तुम्ही कशाला आलात, डोळा सांभाळा, असं म्हणाले खरं, पण मी शेजारी बसल्यावर सगळं सांगितलं. ओरखडा सापडायच्या आदल्या संध्याकाळी ते वेधशाळेच्या माणसांना घेऊन जेवायला गेले होते. कारखाना बंद करायचं काम जावयाचं. सकाळी गाडी पॉलिशच्या खोलीतच होती, कालच्याच जागी, खिट्टी लावलेली. म्हणजे जे झालं ते त्याच खोलीत झालं आणि त्या खोलीत शेवटचा हात कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ओरखडा कसा आहे, असं मी विचारलं. त्यांनी मान फिरवली. मग म्हणाले, एकदाच बघितला, परत बघवणार नाही. जावयाने बघितलाय, त्याला विचारा.

३

जावयाला मी कॉलेजपासून ओळखते. त्याचं बिनचूक हे नाव मीच ठेवलं. पुढे सगळं कॉलेज त्याला त्याच नावाने हाक मारायला लागलं आणि आता सासरीही तेच चालतं. हुशार, अबोल, आई-वडील लवकर गेलेले. परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडेच जेवायचा. चिमणीसाठी हे स्थळ मीच आणलं होतं. भाऊजी म्हणाले होते, वहिनी, तुमचा विद्यार्थी आहे म्हणजे मला काही बघायचं नाही.

मला बघून तो धावत आला. हात धरून आत नेलं, खिडकीचा पडदा ओढला, उजेड डोळ्यावर येणार नाही अशी खुर्ची मांडली आणि बिनसाखरेचा चहा न सांगता आणला. पोटचा मुलगा यापेक्षा काय करणार. चिमणीचा विषय त्यानेच काढला. रात्रभर रडली म्हणाला, मी तिला म्हटलं, माणूस आहोत, होते चूक, मान्य करून टाक म्हणजे संपेल.

मी ओरखड्याबद्दल विचारलं. कण अडकल्यावर पडतो तसाच आहे, म्हणाला.

गाडी रात्रीत कुणी हलवली असेल का, असं मी विचारलं. त्यासाठी यंत्रच आहे, म्हणाला. गाडीला वेग नोंदवणारं एक यंत्र जोडलंय, कारण काचेला धक्का बसलेला चालत नाही. कागदाची गुंडाळी सावकाश सरकत राहते, कडेला तासांच्या खुणा छापल्या जातात आणि एक सुई मधोमध रेघ ओढते. गाडी तपासणीच्या खोलीकडे निघाली की सुई मधल्या रेघेच्या वर जाते, परत येताना खाली. जितका वेग, तितकी सुई लांब. गुंडाळी कापायची नाही, कारण आरशाबरोबर ती वेधशाळेला द्यायची असते. रोज सकाळी बिनचूक ती नोंद कॉम्प्युटरला घालतो आणि बेरीज काढतो.

“त्या रात्रीची बेरीज शून्य आली, बाई,” तो म्हणाला. “गाडी जागची हललेली नाही.”

मी कागद मागितला. त्याने लगेच समोर धरला. काळ्या चष्म्यातून मला एक करडी रेघ दिसली आणि एका ठिकाणी ती वरखाली झाल्यासारखी वाटली. हे काय, म्हटलं. यंत्र तापलं की सुई कापते, तो म्हणाला, जेवढी वर तेवढीच खाली, बेरजेत निघून जातं. बेरीज शून्यच आली ना.

आली असेल. या पोराची बेरीज चुकलेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. मी कागद परत दिला आणि मनातल्या मनात चिमणीची बाजू सोडली. घरी जाऊन तिला काय सांगायचं, याचाच विचार करत मी उठले.

४

निघताना फाटकाशी सुतारकाका भेटले. गाडी, रूळ, तपासणीच्या खोलीतली चौकट हे सगळं त्यांच्या हातचं. महिन्याभरापूर्वी खांदा निखळला होता, हात अजून गळ्यात बांधलेला. घरी बायको ओरडते म्हणून रोज कारखान्यात येऊन बसायचे आणि इथे सगळ्यांवर ओरडायचे.

त्यांना त्या दिवशी एक वेगळाच राग आला होता. तपासणीच्या खोलीतल्या चौकटीला एक पोलादी आकडी आहे. आरसा उभा केला की ती वरून लावायची, म्हणजे तो पुढे पडत नाही. त्या आकडीला कुणीतरी फडकं गुंडाळून वर दोरा बांधला होता. मी घडवलेल्या वस्तूला फडकं, सुतारकाका म्हणाले, मालकांना माझं काम आवडलं नसेल तर तोंडावर सांगावं.

आकडी नडते का, मी विचारलं.

“दोन माणसं असली तर नाही नडत. एकाने दोन्ही हातांनी चाक फिरवून आरसा उभा करायचा, दुसऱ्याने आकडी बाजूला धरायची. एकटा गेला की ती झुलते आणि थेट काचेवर येते. दारावर नियम रंगवलाय तो काय शोभेला?”

परत अंगणात जाऊन मी भाऊजींना विचारलं, आकडीला फडकं तुम्ही बांधलंत का. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनी बांधलं नव्हतं. ओरखडा सापडल्यापासून त्या खोलीत ते गेलेच नव्हते.

मी घरी गेले नाही. पॉलिशच्या खोलीत गेले, दार आतून लावलं आणि आरशावरचं कापड काढलं.

५

दुर्बिणींच्या कारखान्यात भिंगाला काय तोटा. सगळ्यात मोठं उचललं आणि डॉक्टरांचं बोलणं बाजूला ठेवून चांगल्या डोळ्याला लावलं.

पॉलिशची गादी आरशावर सरळ फिरत नाही. ती गोल गोल, थोडी पुढे, थोडी बाजूला अशी फिरते. चिमणी लहान असताना हे काम बघत मी तासन्तास बसलेली आहे. गादीखाली कण अडकला तर तोही गादीबरोबर गोल फिरणार, आणि आरशावर कोंबडीने उकरल्यासारख्या पुष्कळ वाकड्या रेघा उठणार. इथे एकच ओरखडा होता. काठापासून सुरू होऊन आत आलेला, सरळ, काठाशी खोल आणि पुढे पुसट होत गेलेला. वरून काहीतरी टोकदार काचेवर टेकलं आणि ओढलं गेलं होतं.

भाऊजींनी दुसऱ्यांदा पाहिलं असतं तर त्यांना हे एका नजरेत कळलं असतं. पण त्यांना बघवलं नाही आणि ज्याने बघितलं त्याने कण अडकल्यासारखा आहे म्हणून सांगितलं.

ओरखडा आकडीचा होता. आकडी बोळाच्या पलीकडच्या टोकाला होती. आणि यंत्र म्हणत होतं की आरसा या टोकाहून हललाच नाही.

मी खाली वाकले. गाडीखाली यंत्र होतं, त्यात गुंडाळी परत बसवलेली. ती मागे फिरवली आणि त्या संध्याकाळपाशी आल्यावर भिंग टेकवलं.

सुईचं कापणं मी कमी पाहिलेलं नाही. कापणारी सुई दात काढते, बारीक बारीक. इथे दात नव्हते. मधल्या रेघेच्या वर एक उंच, अरुंद टेकडी होती. मग बराच वेळ रेघ सपाट. आणि मग रेघेच्या खाली एक बुटकी, लांबलचक टेकडी. कागदावर चौकोन छापलेले होतेच. मी वरच्या टेकडीतले चौकोन मोजले, खालच्या टेकडीतले मोजले. सारखे भरले. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, म्हणून चौकोनांचा हिशेब अंतरात करून सुतारकाकांना हाक मारली आणि रूळ किती लांब आहे ते विचारलं. त्यांनी न मोजता सांगितलं. तोच आकडा होता, तंतोतंत.

एक टेकडी म्हणजे एक जाणं आणि दुसरी म्हणजे येणं. जाताना घाईने, परत येताना अगदी सावकाश. आरसा बोळाच्या त्या टोकाला गेला होता, तिथे थांबला होता आणि परत आला होता. जाणं अधिक, येणं उणे, म्हणून बेरीज शून्य.

कडेची तासाची खूण मी दोनदा वाचली. त्या वेळी चिमणी माझ्या डोळ्यात थेंब घालत होती आणि भाऊजी पाहुण्यांबरोबर जेवत होते. सुतारकाकांना एका हाताने साधा पाट उचलवत नव्हता, ते दोन हातांचं चाक कुठून फिरवणार. राहता राहिला एकच.

तरी मी स्वतःशी भांडत होते. पोराने नुसती चूक केली असेल, बेरीज शून्य बघून फसला असेल. शेकडो पोरं फसतात. मग मला तो वर्ग आठवला आणि मी तिथेच जमिनीवर बसले.

६

गतीच्या उदाहरणांचा पहिला तास होता. वेग दिलाय, इंटिग्रेशन करून, म्हणजे क्षणाक्षणाच्या वेगाची बेरीज करून, माणूस किती चालला ते सांगा. माणूस घरातून निघून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि परत येतो, असा वेग मी मुद्दाम दिला होता. सगळ्या वर्गाने इंटिग्रेशन केलं आणि सगळ्या वर्गाचं उत्तर शून्य आलं. मी विचारलं, मग हा गृहस्थ दिवसभर खाटेवर पडून होता काय. वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक काडीपैलवान उभा राहिला.

तो म्हणाला होता, “बाई, हे अंतर नाही, विस्थापन आहे. माणूस निघाला तिथून किती लांब राहिला, एवढंच यातून कळतं. किती चालला ते हवं असेल तर आधी वेग कुठे शून्य होतो ते शोधायचं, तिथे तुकडे पाडायचे, येण्याचा उणे तुकडा अधिक करायचा आणि मग बेरीज.”

ही गोष्ट त्याला कुणी शिकवली नव्हती. बसल्या जागी सुचली होती. त्याच तासाला मी त्याला बिनचूक म्हटलं. पुढे मी शिकवत होते तोवर हे उदाहरण आलं की मी त्याची गोष्ट सांगायचे.

जगात कुणीही ही चूक करू शकलं असतं. हा एकटा करू शकत नव्हता. आणि माझ्या डोळ्यावर काळा चष्मा असताना त्याने तीच चूक माझ्यासमोर वाचून दाखवली, चहाबरोबर.

मला राग आला असं म्हणणं सोपं आहे. आधी लाज वाटली, राग नंतर आला. पण आला तो चांगला दणदणीत आला. मी उठले आणि सगळ्यांना पॉलिशच्या खोलीत बोलावलं. चिमणीलासुद्धा.

७

चिमणी दारातच थांबली, कारण बापाने पाऊल टाकू नको म्हटलं होतं. मी भाऊजींकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. ये आत, मी म्हटलं, आज माझा तास आहे.

खोलीत एक फळा होता, मापं लिहायचा. मी बिनचूकच्या हातात खडू दिला. माणूस घरातून निघतो, वेग असा, दुकानापाशी थांबतो, परत येतो. किती चालला?

सुतारकाकांना वाटलं, ऑपरेशनने म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. भाऊजी, वहिनी हे काय, असं पुटपुटले. बिनचूक खडू घेऊन पुढे झाला. फळ्यासमोर उभा राहिला. शून्य लिहिलं असतं तर त्याच्याकडे निदान चुकलो म्हणायला जागा होती. त्याने खडू टेकवला, उचलला, परत टेकवला. फळ्यावर एक पांढरा ठिपका तेवढा उमटला.

“बाई, तुम्हाला माहीत आहे,” तो फळ्याकडेच तोंड करून म्हणाला.

मला माहीत होतं. म्हणून बाकीच्यांना मीच सांगितलं. गुंडाळी टेबलावर पसरली, दोन टेकड्या दाखवल्या, रुळाची लांबी सांगितली, कडेची खूण वाचली. आरशावरचं कापड काढलं आणि भाऊजींच्या हातात भिंग दिलं. त्यांनी ओरखडा पाहिला, आणि आकडी, एवढंच म्हणाले. मग सुतारकाकांकडे बघितलं आणि सुतारकाकांनी जावयाकडे.

तो बोलायला लागल्यावर थांबला नाही. मोटर बिघडली तर मी, यंत्र मी, गुंडाळी मी, रात्री कुलूप मी. आरशात बघायचं म्हटलं की तुम्ही दोघं. इतक्या वर्षांत मला कुणी म्हणालं नाही, ये, तूही बघ. आरसा वेधशाळेला जायच्या आधी एकदा बघायचं होतं. उभा करेपर्यंत नीट जमलं होतं. आकडी सुटली. उतरवताना परत लागू नये म्हणून तिला फडकं बांधलं.

इथपर्यंत मला त्याची कीव आली. खरंच आली. माणसाला घरात घेऊन दारातच उभं ठेवलं तर तो कधीतरी खिडकीतून वाकणारच. सकाळी येऊन भाऊजींचे पाय धरले असते, तर मी स्वतः त्याच्या बाजूने भांडले असते.

भाऊजींनी विचारलं, मग माझ्या पोरीला का अडकवलंस.

“बाबा, तुम्ही तिला माफ केलं असतं. ती तुमची लेक आहे. मला नसतं केलं.”

भाऊजींनी लेकीला माफ केलेलं नव्हतं, तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, आणि ते तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि डोळे झाकून घेतले.

चिमणी इतका वेळ ॲप्रनच्या खुंटीशी उभी होती. ती रडत नव्हती.

“तू मला म्हणालास, आठवून बघ,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी रात्रभर आठवत राहिले. तू शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होतास. आणि पहाटे मला आठवलंसुद्धा. मी ॲप्रन न बदलता आत येतेय, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. जे झालंच नाही ते.”

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला आणि तो थांबला.

८

तो दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेला. मी त्याला फाटकापर्यंतही सोडायला गेले नाही. त्याने वळून माझ्याकडे बघितलं हे मला सुतारकाकांनी सांगितलं, मी बघितलं नाही.

भाऊजींनी लेकीची माफी मागितली. त्यांना ते जमलं नाही, म्हणजे शब्द जमले नाहीत. तपासणीच्या खोलीची किल्ली तिच्यापुढे ठेवली आणि तिथेच उभे राहिले. तिने किल्ली घेतली. बापलेक पूर्वीसारखे बोलतात असं म्हणवत नाही. वेधशाळेने मुदत वाढवून दिली आणि आरसा परत जाड पुडीवर गेला. ओरखडा पुसायचा म्हणजे सगळी काच तेवढी खाली न्यायची, सगळं पहिल्यापासून.

एके दुपारी तो आला होता. फाटकाशी उभा राहून चिमणीला म्हणाला, जे झालं ते झालं, मी होतो तिथे परत येतो, आपण होतो तसे राहू. मी आत बसून ऐकत होते आणि तोंड दाबून बसले होते, कारण हे उदाहरण माझं नव्हतं.

ती म्हणाली, “गाडीही होती तिथे आणून ठेवलीसच की.” आणि आत निघून आली.

पण त्याने नेलं ते नेलंच. कसं ते सांगते. माझा डोळा आता बरा आहे, थेंबांची गरज नाही, आणि आरसाही परत पॉलिशपर्यंत आलाय. तरी मी रोज सकाळी कारखान्यात जाते आणि पॉलिशच्या खोलीच्या दारात उभी राहते. चिमणी जाड पुडीच्या खोलीतून येते, कोपरापर्यंत हात धुते, ॲप्रन काढून खुंटीला टांगते आणि धुतलेला घालते. मग आरशापाशी जाते. गादीवर हात ठेवते आणि तिथूनच वळून माझ्याकडे बघते.

“काकू, बदलला ना मी?”

“बदललास,” मी म्हणते. “मी बघितलंय.”

तेव्हा कुठे ती कामाला लागते.